शून्य नंबरचं बिऱ्हाड

कपडे वाळत घालायला जावास्क्रिप्ट कशाला लागते, हा प्रश्न साहेबांना पहिल्यांदा त्यांच्या बायकोने विचारला. पुढे तो चेअरमननी विचारला, दातांच्या डॉक्टरांनी विचारला, आणि शेवटी शेवटी तर साहेब स्वतःच स्वतःला विचारू लागले. पण तोवर फार उशीर झाला होता. गच्चीवरच्या कोपऱ्यातल्या दोरावर तोवर एका अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा पायजमा वाळत होता.

साहेब पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक पंप त्यांच्या टेबलावर यायचा आणि पुष्कळसे पंप तिथूनच माघारी जायचे. हातातल्या 'नापास'च्या शिक्क्यावरून कामगार त्यांना पाठीमागे 'शिक्का' म्हणत, आणि निवृत्तीच्या समारंभात भाषणाच्या भरात तोंडावरच म्हणाले. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेल्या माणसाला स्वतः चुकायला सवड मिळत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. इमारतीतही त्यांचा तोच लौकिक होता. साहेब चुकले, असं कधी कोणाच्या ऐकिवात नव्हतं. म्हणजे चुकायचे ते, पण ऐकिवात येऊ द्यायचे नाहीत. एकदा बायकोला घेऊन ते भलत्याच दिशेच्या गाडीत बसले होते, तेव्हासुद्धा त्यांच्या मते गाडी चुकली होती. साहेबांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणते, आपणही म्हणू. तर 'चुकलं माझं' हे शब्द वहिनींनी आपल्या नवऱ्याच्या तोंडून लग्न झाल्यापासून एकदाही ऐकले नव्हते आणि आता ऐकायची आशाही सोडली होती.

आता दोराकडे वळू. गच्चीवर दोर होते पाच. त्यांतल्या चारांवर पाण्याच्या टाकीची सावली, आणि कोपऱ्यातल्या पाचव्यावर सकाळपासून खणखणीत ऊन. रविवारी सकाळी हा पाचवा दोर मिळावा म्हणून इमारतीत ज्या काही गोष्टी होत, त्या सुशिक्षित माणसांबद्दल लिहू नयेत अशा आहेत. पहिल्या मजल्यावर मोठ्या बाई राहत. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या शनिवारी संध्याकाळीच वर जाऊन दोराच्या एका टोकाला एक मोजा चिमट्याने लावून येत. एवढ्या एका मोज्याच्या जोरावर तो अख्खा दोर रविवारी दुपारपर्यंत त्यांचा होई, आणि तो मोजा काढून बाजूला ठेवण्याची छाती कोणाला झाली नव्हती. वहिनींच्या चादरी टाकीच्या सावलीत वाळत, म्हणजे वाळत नसत, आणि मग खाली आणून खुर्च्यांच्या पाठींवर पसरून पंख्याच्या वाऱ्यावर सोडाव्या लागत. त्यांना एक कुबट वास राही.

एकदा चादर हुंगून वहिनी म्हणाल्या, "एकदा तरी उन्हात कडकडीत वाळलेल्या चादरीवर झोपायचंय मला."

साहेबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. पण त्याच आठवड्यात त्यांनी घरच्या संगणकावर जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेचा अभ्यासक्रम सुरू केला. दोरांच्या पाळ्या लावणारं एक संकेतस्थळ करायचं, फोनवर ज्याने त्याने आपली पाळी घ्यायची, मोज्याचं राज्य संपवायचं, असा बेत होता. हे तिच्यासाठी चाललंय हे मात्र ते बायकोला बोलले नाहीत. बोलले असते तर तिने चादरीबद्दल जे म्हटलं ते आपण ऐकलं होतं हे कबूल करावं लागलं असतं.

चेअरमनांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि कमिटीचा कारभारही ते दुकानासारखाच करत.

"कल्पना चांगली आहे साहेब," ते म्हणाले, "पण नियम म्हणजे नियम. तीन ठिकाणची दरपत्रकं आणा."

"अहो, मी फुकट करून देतोय."

"मग तीन ठिकाणची फुकटची दरपत्रकं आणा. उद्या कोणी विचारलं, यांच्याकडूनच फुकट का घेतलं, तर मी काय दाखवू?"

साहेबांनी मग स्वतःचंच एक दरपत्रक केलं आणि त्याखाली 'इतर दोघांनी नकार दिला' असं लिहून सही ठोकली. हे चेअरमनना पटलं. जिना उतरताना दातांचे डॉक्टर भेटले. आपल्याकडे सल्ला तयार असला की समोरच्याने तोंड उघडायची वाट पाहायची नाही, ही त्यांना धंद्यातून लागलेली सवय होती. "साहेब, सरळ गच्चीच्या दारावर कागद चिकटवा. वेळापत्रक लिहा. झालं!" साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी स्वतःचंच तोंड मिटलं. मोठ्या बाईंनी मात्र उदारपणे पाठिंबा दिला. पाळ्या लागल्या तरी मोजा आपलाच राहणार, याबद्दल त्या निःशंक होत्या. "फक्त त्यात शुद्धलेखन नीट असू द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

प्रकल्प उभा करायची पहिली पायरी अभ्यासक्रमात एका ओळीत दिली होती. ती ओळ लिहून कळ दाबली की लागणारं सामान आपोआप येतं, असं शिकवणारा हसत हसत म्हणाला होता. साहेबांनी कळ दाबली आणि सामान यायला लागलं. ते येतच राहिलं. पाच दोरांच्या पाळ्या लावायला शेकडो पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले कामाचे तयार तुकडे, आली. साहेबांनी मागवलेली होती थोडीच, पण त्या थोड्यांना आणखी काही लागत होती, त्यांना त्यांची भावंडं लागत होती, आणि भावंडांबरोबर त्यांच्या सासरची मंडळी. लग्नघरी उतरावं तसं ते सगळं लटांबर एका फोल्डरमध्ये उतरलं आणि त्यातल्या कोणाचा कोणाशी काय संबंध हे कोणीच सांगेना.

आता, आलेला माल तपासल्याशिवाय आत घेणं हे साहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी एकेक पॅकेज उघडून बघायला घेतलं. एक पॅकेज फक्त आकडा सम आहे की विषम एवढंच सांगत होतं. दुसरं त्या पहिल्याला विचारून तेच उलटं करून सांगत होतं. तिसऱ्यात काहीच नव्हतं, नुसतीच 'हे पॅकेज वापरू नका' अशी सूचना होती, आणि तरीही ते काढलं की बाकीची सगळी रुसून बसत. साहेबांनी त्याच्या कर्त्याला एक कडक तक्रार लिहून पाठवली. कारखान्यात अशी तक्रार गेली की पुरवठादार धावत यायचा, पाया पडायचा तेवढा बाकी राहायचा. इथे जगाच्या कुठल्या तरी टोकाहून अनोळखी माणसाचं उत्तर आलं, "दुरुस्त करून पाठवा, घालतो." साहेब ते उत्तर घेऊन बराच वेळ खिडकीत उभे राहिले. ज्याचा माल नापास केला त्यानेच आपल्याला कामाला लावावं, असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. जावास्क्रिप्टमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. यादीतला पहिला तो शून्य, दुसरा तो एक. हे वाचून साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. शून्य नंबरचा पंप त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यामुळे झालं काय, की एक नंबरच्या बिऱ्हाडाला संगणक शून्य म्हणे, दोनला एक म्हणे, आणि अख्खी इमारत एकेक पायरी खाली घसरे. यावर लोक सोपे उपाय करतात, ते साहेबांना पसंत नव्हते. त्यांनी आपल्या डोक्याने तोड काढली. शून्याच्या जागेवर त्यांनी एक खोटं बिऱ्हाड बसवलं, नुसतं जागा धरायला. नावाचा रकाना रिकामा चालेना म्हणून नाव लिहिलं 'शून्य नंबर'. की लगेच सगळी बिऱ्हाडं आपापल्या नंबरावर येऊन बसली. साहेब स्वतःवर इतके खूष झाले की त्या दिवशी त्यांनी चहाला नावं ठेवली नाहीत.

वहिनींनी विचारलं, "काय हो, बरं वाटत नाहीये का?"

माल बाहेर पडण्याआधी चाचणी झालीच पाहिजे, म्हणून साहेबांनी चाचणीही लिहिली. प्रत्येक नवी दुरुस्ती लोकांपुढे जाण्याआधी संगणकाने आपणहून एक पाळी घेऊन बघायची आणि ती रद्द करून बघायची. दोन्ही जमलं तर माल पास. पाळी कोणाच्या नावावर घ्यायची? यादीतल्या पहिल्याच्या, म्हणजे शून्य नंबरच्या. कुठली घ्यायची? सगळ्यांत अवघड ती, म्हणजे कोपऱ्याच्या दोराची येती मोकळी रविवार सकाळ. अशी चाचणी खोट्या नोंदींवर घ्यावी, खऱ्यांना हात लावू नये, असं अभ्यासक्रमात ठळक अक्षरांत बजावलं होतं. साहेबांना ते हास्यास्पद वाटलं. कारखान्यात पंप कधी खोट्या पाण्यावर तपासला होता का? त्यांनी चाचणी खऱ्या नोंदींवरच लावली.

संकेतस्थळ सुरू झालं आणि खरं सांगायचं तर चांगलं चाललं. मोठ्या बाईंनी मोजा लावला, तो विमेवाल्याने फोनवरची आपली पाळी दाखवून सगळ्यांदेखत उतरवला. चौथ्या मजल्यावरचा हा विमेवाला एरवी जिन्यातही बाईंना बघून बाजूला व्हायचा. वहिनींना महिनाअखेरच्या रविवारची कोपऱ्याची पाळी घ्यायची होती. त्यांनी सगळ्या चादरी त्या दिवसासाठी राखून ठेवल्या, वर शेजारणीला सांगितलंही, "आमच्या यांनी केलंय." साहेबांनी ते आतल्या खोलीतून ऐकलं आणि मुद्दाम खोकले नाहीत.

आणि मग देखभाल सुरू झाली. पंप एकदा बसवला की पाणी वर चढवत राहतो. हे प्रकरण तसं नव्हतं. त्याला कोणी हात न लावतादेखील ते जुनं होत होतं. काल ज्या पॅकेजला सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते त्याला आज कालबाह्य म्हणत. एके सकाळी संगणकाने कळवलं की तुमच्या सामानात भरपूर धोके सापडले आहेत आणि त्यांतले काही अतिगंभीर आहेत. खाली उपायही दिला होता. अमुक एक ओळ लिहा म्हणजे सगळं दुरुस्त होईल, आणि तरी झालं नाही तर त्याच ओळीपुढे 'जबरदस्तीने' असं लिहा. दातांचे डॉक्टर नेमके तेव्हा कपबशी परत द्यायला आले होते. "किडका असला की काढून टाकायचा, साहेब. ठेवू नये," ते म्हणाले. साहेबांनी जबरदस्तीने केलं.

धोके गेले. जाताना, चाचणीला फोनशिवाय पाळी रद्द करता यावी म्हणून ठेवलेली सोय घेऊन गेले. म्हणजे चाचणी पाळी घेई, पण ती रद्द होत नसे, आणि तरी माल बिनबोभाट पास होई. हे साहेबांच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि तोवर त्यांनी इतर बारीकसारीक दुरुस्त्यांचा सपाटा लावला होता. प्रत्येक दुरुस्तीबरोबर चाचणी, आणि प्रत्येक चाचणीबरोबर कोपऱ्याचा आणखी एक रविवार शून्य नंबरच्या खिशात. महिनाअखेरची पाळी वहिनींनी फोन उघडून नोंदवायला घेतली, तेव्हा तिथे आधीच कोणी तरी बसलेलं होतं.

"अहो, हे शून्य नंबर कोण?"

इथे साहेबांना संधी होती. घरात दोघंच होते, दार बंद होतं. दोन शब्दांचं काम होतं. साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "असतील कोणी तरी."

"शून्य नंबर? आपल्याकडे?"

"अगं, मोठी इमारत आहे."

वहिनींनी राखून ठेवलेल्या चादरी पुन्हा खुर्च्यांवर पसरल्या. साहेबांना त्या दिवशी घरात बसवेना. कुबट वास तर नेहमीचाच होता, पण आज तो आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी सरळ शून्य नंबरला यादीतून उडवलं. लगेच इमारत एकेक पायरी घसरली. मोठ्या बाईंची पाळी दुसऱ्याच बिऱ्हाडाला गेली, डॉक्टरांची विमेवाल्याला, आणि चेअरमन तर यादीच्या टोकावरून खाली पडून नाहीसेच झाले. दुकानातून त्यांचा फोन आला, "साहेब, मी या इमारतीत राहतो ना?" साहेबांनी शून्य नंबरला सन्मानाने परत आणून बसवलं. मग त्यांनी नुसत्या पाळ्या काढून टाकायचं ठरवलं. पण कोणी दुसऱ्याची पाळी ढापू नये म्हणून पाळी रद्द करायला, ज्याची पाळी त्याच्या फोनवर जाणारा आकडा लागेल, अशी तरतूद साहेबांनी मोठ्या अभिमानाने केली होती. शून्य नंबरकडे फोन नव्हता. तरतूद इतकी चोख होती की तिच्या कर्त्यालाही ती ओलांडता येईना. आत शिरून ओरबाडून काढावं तर दुरुस्ती झाली म्हणून चाचणी लागे, आणि शून्य नंबरला आणखी एक रविवार मिळे.

रविवारी कोपऱ्याचा दोर उन्हात रिकामा हलत राहिला. हे फार वाईट झालं. कोणी दोर वापरला तर माणूस समजून घेतो. पण अडवून ठेवायचा आणि वापरायचाही नाही, हे सहन होत नाही.

"माज म्हणतात तो हा!" मोठ्या बाई बादली आपटून म्हणाल्या. "मी मोजा तरी लावत होते."

"कोण आहेत हो हे लोक? एकदा भेटलंच पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

शोध सुरू झाला तर आपल्यापर्यंत येणार, हे साहेबांनी ओळखलं. म्हणून पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी वर जाऊन त्यांनी कोपऱ्याच्या दोरावर आपला एक जुना पायजमा आणि कारखान्यातला निळा डगला वाळत घातला. कोरडेच होते. ते नीट दिसावेत म्हणून नळाखाली धरून ओले केले. एका सुशिक्षित, निवृत्त, मान्यवर गृहस्थाने पहाटेच्या वाऱ्यात स्वतःचा धुतलेला पायजमा परत भिजवत उभं राहावं, याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. साहेबांनी त्याला देखभाल म्हटलं.

आता इमारतीला पुरावा मिळाला. पायजम्याच्या उंचीवरून शून्य नंबरवाला बेताच्या चणीचा ठरला. डगल्यावरून तो कुठल्या तरी पाळीवर जातो, म्हणून दिसत नाही, हेही ठरलं. मोठ्या बाई दोर निरखून म्हणाल्या, "बाईमाणसाचा एकही कपडा नाही. बायको सोडून गेलेली दिसते. जाईल नाही तर काय!" हे साहेबांना लागलं. का लागलं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण पुढच्या खेपेला त्यांनी कपाटाच्या तळातली एक हिरवी चादर त्या दोरावर नेऊन टाकली. कुटुंब असल्याचा तेवढाच आधार.

आणि एक विचित्र गोष्ट होऊ लागली. लिफ्टचं दार कोणी उघडं टाकलं, की पूर्वी डॉक्टर विमेवाल्यावर जात आणि विमेवाला डॉक्टरांवर. आता दोघं मिळून म्हणत, "शून्य नंबर!" जिन्यात कचरा सांडला, शून्य नंबर. टाकीचं पाणी संपलं, शून्य नंबर. दुपारी भिंतीत खिळे ठोकणारा शून्य नंबर. लोक एकमेकांशी गोड बोलू लागले. मोठ्या बाईंनी विमेवाल्याला चहाला बोलावलं. विमेवाल्याने तर सांगून टाकलं की आपली आणि शून्य नंबरची लिफ्टमध्ये गाठ पडली होती.

"माणूस तसा सज्जन आहे," तो म्हणाला. "पण विमा नाही म्हणाला."

हिरवी चादर वहिनींनी ओळखली. न ओळखायला काय झालं, तिच्या कडेला त्यांच्या स्वतःच्या हातची शिवण होती. टाकीच्या सावलीत आपले टॉवेल लावताना त्यांनी ती पाहिली. चादर साहेबांनी घातली होती तशीच होती, गोळा करून कशीबशी टांगलेली. वहिनी कोपऱ्यापर्यंत गेल्या, चादर झटकून सारखी केली, चारही चिमटे नीट लावले आणि खाली आल्या. साहेब वर्तमानपत्र वाचत होते.

"शून्य नंबरकडे आपल्यासारखीच चादर आहे," त्या म्हणाल्या.

"मिळतात तशा बाजारात," साहेब म्हणाले.

शेवटी चेअरमननी सभा बोलावली. विषय एकच. तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि इतकी उपस्थिती त्या इमारतीने कधी पाहिली नव्हती. शून्य नंबर राहतो कुठे यावर आधी चर्चा झाली. कोणी पंपाची खोली सुचवली, कोणी म्हणालं मूळ नकाशात असणार, बिल्डरने लपवलं. आरोपांना तर सुमार राहिला नाही. साहेब पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. लिफ्ट, कचरा, पाणी, खिळे, सगळं त्यांच्यासमोर एका माणसाच्या डोक्यावर रचलं जात होतं आणि तो माणूस त्यांनी स्वतः एका दुपारी, खूष होऊन, केलेला होता. निवृत्तीनंतर त्यांनी निर्माण केलेली ती एकमेव वस्तू. तिला सगळे मिळून नापास करत होते आणि तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. मागे वळून बघायची गरज नव्हती. मागच्या रांगेत वहिनी बसल्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

साहेब उठून उभे राहिले.

"शून्य नंबर असं कोणी नाही," ते म्हणाले. "मोजणी शून्यापासून होते म्हणून तिथे मी एक खोटं नाव घातलं. पाळ्या माझी चाचणी घेते. पायजमा माझा आहे." इथे ते थांबले. पुढचे शब्द कधी वापरलेले नसल्यामुळे जाम बसले होते. पण निघाले. "चुकलं माझं."

मग दातांचे डॉक्टर उठले आणि त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, हा तुमचा मोठेपणा झाला. पण म्हणून दुसऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घ्यायचं?"

"अहो, पण खरंच कोणी नाही तिथे!"

"मी त्यांच्याशी बोललोय," विमेवाला दुखावून म्हणाला.

"बसा साहेब, बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. वर्गात आरडाओरड करणाऱ्या, पण मुळात चांगल्या मुलाला सांगावं तसं म्हणाल्या. "तुम्ही, आणि चुकता? इतकी वर्षं ओळखते मी तुम्हाला. त्या माणसाला पाठीशी घालू नका. आणि पायजमा तुमचा म्हणता? तुम्ही इतका चुरगळलेला पायजमा दोरावर टाकाल होय?"

साहेबांनी शून्यापासूनची मोजणी पुन्हा समजावून सांगायला घेतली, पण पहिल्या वाक्यालाच सभेचे डोळे जड झाले. चेअरमननी ठराव मांडला. इमारतीत आज जी शांतता नांदते आहे ती बिघडू नये, म्हणून रविवार सकाळचा कोपऱ्याचा दोर शून्य नंबरला कायमचा देऊन टाकावा, म्हणजे त्यावरून कोणी भांडणार नाही. बदल्यात त्यांनी लिफ्टचं दार बंद करत जावं. आणि साहेबांना त्यांच्याबद्दल एवढी आपुलकी आहे, तर हा निरोप साहेबांनीच द्यावा. टाळ्या वाजल्या. ठराव एकमताने पास झाला. विरोधात साहेबांचा एक हात वर होता, तो अनुमोदनाचा म्हणून धरण्यात आला.

साहेब जिना चढून घरी आले, चपला काढल्या आणि खुर्चीत बसून राहिले. जन्मभर सांभाळलेली गोष्ट त्यांनी चारचौघांत मोडली होती आणि कोणी ती उचलूनसुद्धा घेतली नव्हती. वहिनींनी चहा टाकला. कप पुढे करताना त्या सभेबद्दल अक्षर बोलल्या नाहीत, आणि साहेबांना वाटलं, हिलाही ते खरं वाटलं नसणार.

रविवारी सकाळी वहिनींनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी धुतल्या. बादली साहेबांच्या हातात दिली, चिमट्यांची डबीही दिली, आणि म्हणाल्या, "चला." गच्चीवर गर्दी होती. वहिनी टाकीच्या सावलीतून सरळ पुढे गेल्या आणि कोपऱ्याच्या दोरावर पहिली चादर फेकली.

"वहिनी, अहो वहिनी!" मोठ्या बाई आपल्या दोरामागून डोकावल्या. "तो शून्य नंबरचा दोर आहे. ठराव झालाय."

"माहीत आहे," चादरीची घडी उलगडत वहिनी म्हणाल्या. "त्या बाईंनीच मला सांगितलं, घाला म्हणून."

"बाई? म्हणजे आहे होय बायको? तुमची ओळख आहे?"

"आहे की. जुनी."

मोठ्या बाईंनी हातातला टॉवेल तसाच ठेवला आणि जवळ आल्या. विमेवालाही सरकला. साहेब बादली धरून उभे होते, त्यांचा चेहरा रंगाने चादरीत मिसळून गेला होता.

"कशा आहेत हो?"

"त्या बऱ्या आहेत. नवरा जरा हट्टी." वहिनींनी हात मागे केला, साहेबांनी त्यात चिमटा ठेवला. "कधी म्हणून स्वतःकडे चूक घ्यायची नाही. पण परवा घेतली म्हणे. चांगली सगळ्यांसमोर, उभं राहून. त्या सांगत होत्या मला, की लोकांना काय वाटायचं ते वाटो, मी ऐकलं. मला पुष्कळ झालं."

वहिनी हे चादरीकडे बघत म्हणाल्या. चादर वाऱ्याने फुगली आणि दोघांच्या मधे आली, तेवढं बरं झालं, कारण साहेबांना चष्मा पुसायचा होता.

मोठ्या बाईंवर या गोष्टीचा मोठा परिणाम झाला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "बघा! शिका म्हटलं साहेब, काही त्या माणसाकडून."

"हो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुढचा चिमटा दिला.